सात नंबरचा पाय

केळापूर
३ नोव्हेंबर

कय्युम,

सप्रेम जयभीम.

पाकीट पाहून तुझ्या घरी रडारड सुरू झाली असेल तर थांबव. मी जिवंत आहे. फक्त कान गेले. फोनवर तू बोललास की कढईत भजी सोडल्यासारखा आवाज येतो, आणि मी अंदाजाने 'हो हो' म्हणतो. मागच्या खेपेला असंच 'हो हो' म्हणालो आणि तू चार दिवस मुक्कामाला आलास. म्हणून यापुढे पत्र.

सोबत पुठ्ठ्याच्या खोक्यात एक पाय पाठवतो आहे. घाबरू नको, प्लास्टरचा आहे.

माझ्या थोरल्याची पोरगी प्रियंका वनरक्षकाच्या परीक्षेला बसली आहे. लेखी पार पडली. आता आठ जानेवारीला यवतमाळला तीन किलोमीटर धावायचं, आणि त्यातून निघाली तर बारा तारखेला जंगलातल्या रस्त्याने सोळा किलोमीटर चालायचं, चार तासांच्या आत. तुला ठाऊक आहे, मी तीस वर्षं वनमजूर म्हणून साहेबांच्या मागे पाण्याची बाटली घेऊन फिरलो. खाकी धुतली, वाळवली, साहेबांच्या अंगावर चढवली, स्वतःच्या अंगावर कधी आली नाही. आता ती घरात यायच्या बेतात आहे. बुटापायी दारातून परत जायला नको.

तर बुटाचं माप. लोक तुराटीची काडी मोडून पाठवतात, नाहीतर दोरा. ती गावठी कामं. मी आयुष्यभर वाघांचे पंजे प्लास्टरमध्ये घेतले, नातीचा पाय काडीने मोजू काय? शेताकडच्या वाटेवर, पांदणीत नेलं, जिथे धूळ पिठासारखी आहे तिथे अनवाणी धावत जा म्हटलं, म्हणजे पाय असतो तसा उमटतो. मग त्यातला स्वच्छ ठसा निवडून प्लास्टर ओतलं. बोटांच्या रेषासुद्धा उतरल्या आहेत. गाव पाहायला आलं होतं. शाळेच्या मास्तरांनी फोटो काढला.

तुला एका नव्या गार्डाचा किस्सा सांगितला होता ना, ज्याने बारक्या वाघिणीला मोठा नर ठरवलं आणि साहेबांच्या शिव्या खाल्ल्या? माणसाला ठसा वाचता यायला लागतो. नुसता पगार घेऊन येत नाही.

बूट रोजचा, जाड, दणकट पाठव. टीव्हीतली पोरं घालतात तसला पापड नको. तू पांढरकवड्याच्या बाजारात पोत्यावर बसून माझे बूट शिवायचास तेव्हा चांगला माणूस होतास. आता काचेचं दुकान झालं आहे, म्हणून सांगून ठेवतो.

तुझा
उकंडा

•

यवतमाळ
९ नोव्हेंबर

उकंडाभाऊ,

सलाम.

पाय पोचला. एसटीच्या पार्सलवाल्याने दोनदा विचारलं, चाचा यात काय आहे. मी म्हटलं, पाय. तेव्हापासून तो माझ्याशी नजर मिळवत नाही.

माझ्या पोराने, साजिदने, पाय काउंटरवर ठेवून पट्टी लावली. सात नंबर. पोरीच्या जातीला सात जरा जास्तच, असं तो म्हणाला. मी म्हटलं, गप बस, ज्याने वाघ मोजले त्याला तू पाय शिकवतो काय. पण खरं सांगू? माझ्याही मनात आलं. शेवटी पोरगीच दुकानात आली असती तर बरं झालं असतं. केळापूरहून इथं यायला तिला दीड-दोन तास लागतात, भाऊ. वाघाला आपण दुकानात बोलावू शकत नव्हतो म्हणून प्लास्टर होतं.

आता बुटाचं ऐक. माझा पोरगा दिवसभर हेच विकतो, आणि मी मागे बसून हेच ऐकतो. रेसचा बूट वेगळा, रोजचा वेगळा. रेसचा बूट हातात घेतला तर वाटतं खोक्यात फक्त कागद आला. तळ पातळ, टाच जवळपास नाहीच, पोटरीला सगळं काम. धावायला लागलं की पाय आपोआप पुढे पडतो. पण रोज घातला तर दोन महिन्यांत त्याचा जीव जातो, आणि पोटरीचा त्याआधी. रोजचा बूट जाड, जड, माफ करणारा. चुकीचा पाय पडला तरी सांभाळून घेतो. म्हणजे एक लग्नातला सदरा आणि एक शेतातली बंडी. बंडी घालून लग्नाला गेलं तर लोक हसतात, आणि सदरा घालून कापूस वेचला तर बायको मारते. तेव्हा माझं म्हणणं, रोज धावायला रोजचा, आणि परीक्षेला रेसचा, पण त्याची सवय आधी थोडी थोडी करून.

तू ऐकणार नाहीस हे माहीत आहे. म्हणून रोजचाच, सात नंबर, पाठवतो आहे.

पाय परत पाहिजे का? गिऱ्हाइकं त्याच्यावर पावत्या ठेवायला लागली आहेत.

कय्युम

•

केळापूर
२५ नोव्हेंबर

कय्युम,

जयभीम.

बूट पोचले. दणकट आहेत, तळ असा की त्यावर माणूस झोपेल. प्रियंकाने पायात घातले, चार पावलं चालली, आणि म्हणाली, "छान आहेत आबा." तिच्या आजीने, तुळसाने, तिच्याकडे पाहिलं, तिने तुळसाकडे पाहिलं, आणि दोघी आत गेल्या. बायकांना बुटातलं काय कळतं, म्हणून मी विचारलं नाही.

तुझा लग्नातला सदरा तुझ्याजवळ ठेव. जंगलात मी तीस वर्षं टायरचा तळ लावलेले बूट घालून चाललो, ते तूच शिवायचास. तेव्हा तू असं काही बोलला नाहीस, कारण तेव्हा तुझ्या दुकानात विकायला काही नव्हतं.

पण एक गोष्ट सांगतो. पोरगी मंदावली. माझ्या जुन्या घड्याळावर तीन किलोमीटरला आधी चौदा मिनिटं लागायची, ते सुद्धा शाळेचे फाटके बूट घालून. आता पंधरा. तिला म्हटलं, रात्री भात कमी खा. सकाळी दारात उभा राहून तिला पांदणीकडे जाताना पाहतो, आणि ऊन वर आलं की जाऊन ठसे वाचतो. पाऊल फरपटून राह्यलं. टाच आपटते, पुढचा भाग आतल्या आत घसरल्यासारखा. हा सगळा आळस आहे. शिवाय रस्त्यात जागोजागी कापसाचे बारके पुंजके पडलेले दिसतात. वेचणीचे दिवस आहेत, बाया गठडी नीट बांधत नाहीत. पिढीच बिघडली.

तुझ्याकडे आळसावर काही बूट असेल तर कळव.

उकंडा

•

यवतमाळ
४ डिसेंबर

उकंडाभाऊ,

सलाम.

परवा प्रियंका आली होती. कसल्यातरी दाखल्याच्या कामाला कलेक्टर ऑफिसात आली, मग दुकानात चहाला. माझ्या बायकोने, हलीमाने, तिला जेवायला बसवलं. पोरगी चांगली आहे, तुझ्यासारखी मुळीच नाही. तुझ्याबद्दल एकही वाईट शब्द बोलली नाही. मी दोनदा संधी दिली.

तुला एक विचारायचं होतं, असंच, काही कारण नाही. तू ते प्लास्टर घेतलंस तेव्हा पांदणीत माती किती मऊ होती? पिठासारखी म्हणालास ना? आणि धावता धावता?

आणि तू तिचा पाय, म्हणजे तिचा स्वतःचा, चामड्याचा नाही, प्लास्टरचा नाही, हाडामांसाचा, कधी जवळून पाहिला आहेस का? घरात पाय धुताना वगैरे?

काही कारण नाही. सहज. दुकानात गर्दी नसली की माणसाला असे प्रश्न पडतात.

हलीमाने तुळसावहिनीला सलाम सांगितला आहे. वहिनींना सांग की त्यांचा निरोप पोचला. कोणता निरोप ते तू विचारू नको, तो बायकांचा आहे.

कय्युम

•

केळापूर
१३ डिसेंबर

कय्युम,

माती किती मऊ होती असं तू मला विचारतो? ज्याने बाटाच्या आणि टायरच्या पलीकडे काही पाहिलं नाही, तो मला माती शिकवतो? ठीक आहे. त्याचं उत्तर देत नाही. त्याहून मोठी गोष्ट आहे.

आठ दिवसांपासून पांदणीत दोन ठसे पडून राह्यले.

नीट वाच. एक ठसा आपल्या पोरीचा, सात नंबर, जाड नक्षी. तो घरापासून नाल्यावरच्या बुटक्या पुलापर्यंत, रपट्यापर्यंत जातो. तिथे थांबतो. रपट्यापासून पुढे दुसरा ठसा सुरू होतो. बारका. पाच नंबर, फार तर. नक्षी जवळपास नाहीच. टाच टेकतच नाही, फक्त पंजा, आणि दोन पावलांत एवढं अंतर की मी माझी काठी आडवी टाकून मोजलं. ती बारकी रपट्यापासून दीड किलोमीटर जाते, परत येते, रपट्यावर नाहीशी होते. आणि मग सात नंबरचा ठसा रपट्यावरून आमच्या घरी परत.

अर्थ स्पष्ट आहे. आपली पोरगी रपट्यावर बसून गप्पा मारते, आणि दुसरी कोणी पोरगी तिच्या वाटणीचं धावते. आणि काय धावते. वाईट वाटतं लिहायला, पण तीस वर्षांत मी असं स्वच्छ पाऊल पाहिलं नाही.

आता ही दुसरी कोण? काल पांढरकवड्याच्या बसस्टँडवर कळलं. तुझ्या मुलीची नसरीन पांढरकवड्यात शिकते, आणि तिनेसुद्धा हाच फॉर्म भरला आहे. हे तू मला सांगितलं नाहीस. इतके दिवस सदऱ्याच्या आणि बंडीच्या गोष्टी सांगितल्या, हे सांगितलं नाही. तुझ्या नातीला पापड, माझ्या नातीला बैलाचे खूर. आणि वर ती माझ्याच गावच्या पांदणीत येऊन माझ्याच पोरीला गप्पांत गुंतवते.

मी तुळसाला हे सगळं सांगितलं तर ती पदर तोंडात धरून आत गेली. तिलाही धक्का बसला असेल.

कय्युम, आपली दोस्ती किती वर्षांची आहे ते मी मोजत नाही. तू मोज.

उकंडा

•

यवतमाळ
१८ डिसेंबर

उकंडाभाऊ,

तुझं पत्र साजिदने वाचलं, मग मी वाचलं, मग हलीमाने मागितलं तेव्हा मी लपवलं. ती नसरीनची नानी आहे. तिने वाचलं असतं तर पुढच्या एसटीने केळापूरला आली असती, आणि तुझे कान परत आले असते.

नसरीनने फॉर्म भरला होता, खरं आहे. वीस नोव्हेंबरला स्कूटीवरून पडली. तेव्हापासून तिचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये आहे. तुझ्या प्लास्टरमध्ये नाही, डॉक्टरच्या. ती खिडकीत बसून रडते, म्हणून आम्ही तिच्या फॉर्मचं नाव कोणाजवळ काढत नाही. तुझ्याजवळही काढलं नाही. आता तू सांग, ती पोरगी कुबड्या घेऊन तुझ्या पांदणीत टाच न टेकता धावली काय?

मला राग आला आहे, हे लिहून ठेवतो. मी तुझे बूट शिवले तेव्हा टाके जास्त घातले, कारण तू जंगलात एकटा जायचास. त्याचा हिशोब तू काढू नको, मीही काढत नाही.

पांदणीतली ती दुसरी कोण, ते मला माहीत आहे. पण मी जबान दिली आहे, आणि जबान दिली की माझं तोंड शिवलं. एवढंच सांगतो. पावलावरून वाघीण गाभण आहे की नाही हे सांगणारा माणूस आपल्याच चुलीपाशी जेवणारं पाऊल ओळखत नसेल, तर त्याने पंजे वाचायचं सोडून पत्ते खेळावे.

जा, एक दिवस पहाटे त्या रपट्याजवळ लपून बस. वाघासाठी बसायचास तसा. आणि जे दिसेल ते पाहून मग मला पत्र लिही.

कय्युम

•

केळापूर
२४ डिसेंबर

आबा आणि कय्युमचाचा,

दोघांना एकच पत्र लिहिते आहे. दोनदा लिहून काढलं. एक आबांच्या उशीखाली ठेवते, एक पोस्टात टाकते. कारण आबांशी बोलायचं तर सगळ्या गावाला ऐकू जाईल, आणि चाचांशी फोनवर बोललं तर ते आधी दहा मिनिटं आबांचं गाऱ्हाणं सांगतात.

पांदणीतली दुसरी पोरगी मीच आहे.

माझा पाय पाच नंबरचा आहे. दहावीपासून पाचच आहे. सात नंबरच्या बुटात आजीने पुढे कापूस कोंबून दिला, दर दोन दिवसांनी तो बाहेर येतो. आबांनी ठसे वाचताना तो पाहिला आणि गावातल्या बायांना नावं ठेवली. डिसेंबरच्या दोन तारखेला मी चाचांच्या दुकानात गेले, तेव्हा त्यांनी माझा पाय पाहून कपाळाला हात लावला आणि पाच नंबरचा रेसचा बूट दिला. रोजचा बूटही बदलून मागितला तर म्हणाले, तो बदलला तर उकंडाला ठसा कळेल. आबांनी रेसच्या बुटाला नाही म्हटलं होतं, म्हणून मी त्यांना सांगू नका अशी शपथ घातली. तो बूट पिशवीत घालून रपट्याखालच्या कोरड्या पायपात ठेवते. घरून सात नंबर घालून निघते, कारण आबा दारात उभे असतात, आणि रपट्यावर बदलते. हलक्या बुटात साडेबारा मिनिटांच्या आत येते.

आधी काहून सांगितलं नाही म्हणाल. आबांनी ते प्लास्टर साऱ्या गावाला दाखवलं. वाघांच्या पंजांशेजारी माझा पाय कपाटात ठेवायचा आहे म्हणाले. मास्तरांनी त्याचा फोटो वर्गात लावला. तो पाय चुकलेला आहे हे मी कसं सांगू? पायच वाढला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटायला लागलं होतं.

आज पहाटे आबा रपट्याच्या बाजूला तुरीत लपून बसले होते. त्यांना वाटतं त्यांचा खोकला कोणाला ऐकू येत नाही, कारण त्यांना ऐकू येत नाही. मला दोन शेतांवरून ऐकू आला. मग मी बूट बदललाच नाही. त्यांना दाखवायला म्हणून सात नंबरमध्येच जोरात धावले, आणि आतल्या आत पाय घसरून पडले. गुडघा सोलला, अंगठ्याचं नख काळं पडलं. आबा धावत आले आणि म्हणाले, ती दुसरी कुठे आहे.

चाचा, तुम्ही जबान पाळली, मी तुमची आभारी आहे. पण तुम्हाला दोन तारखेला माहीत होतं की मी सात नंबरमध्ये रोज ये-जा करते. तुम्ही आबांना टोमणे लिहिले. आबांनी तुम्हाला शिव्या लिहिल्या. दीड महिना दोन म्हातारे माझ्या पायावर पत्रं लिहून राह्यले, अन् मले कोणी विचारलं काय?

आठ तारखेला पंधरा दिवस आहेत. मी धावायला रेसचे घालीन, चालायला रोजचे. दोन्ही पाच नंबर. रोजचे लवकर पाठवा, कोरे बूट घालून सोळा किलोमीटर चालता येत नाही, आधी ते पायाला बसायला लागतात. हे मला कोणी शिकवलं नाही, माझ्या पायाने शिकवलं.

प्रियंका

•

यवतमाळ
२७ डिसेंबर

उकंडाभाऊ,

सलाम.

पत्र सकाळी आलं. साजिदने ते वाचलं आणि उठून पाच नंबरचा डबा काढला. एसटीने पाठवला आहे. पार्सलवाल्याने आज काही विचारलं नाही.

माझंही चुकलं. दोन तारखेला तिने पाय टेबलावर ठेवला, तेव्हा मी तुझं प्लास्टर आणून शेजारी ठेवलं. दोन्हींमध्ये दीड बोटाचा फरक. मी हसलो. मग वाटलं, उकंडाला कळवलं तर तो एक तर मानणार नाही, नाही तर मानेल आणि पुन्हा कधी कोणाला पंजा दाखवणार नाही. म्हणून हलका बूट दिला आणि तोंड बंद ठेवलं. तुझा मान ठेवला आणि पोरीचं नख घालवलं.

रोजचे बूट आजपासून घरातसुद्धा घालू दे. रेसचे आठवड्यात दोनदाच. हे मी तुला सांगत नाही, तिला सांगतो. तू फक्त पत्र तिच्या हातात दे.

तुझा पाय अजून काउंटरवर आहे. हलीमा म्हणते फेकून द्या. मी ठेवला आहे.

कय्युम

•

केळापूर
१६ जानेवारी

कय्युम,

सप्रेम जयभीम.

उत्तराला उशीर झाला. लिहायला बसलो की आधी नसरीनचं लिहावं लागायचं, आणि हात थांबायचा. आता लिहितो. मी एका खिडकीत बसलेल्या पोरीवर आळ घेतला. काल पांढरकवड्याला जाऊन तिच्यासमोर कान धरले. ती हसली. म्हणाली, "नाना, तुमचे कान तर काही कामाचे नाहीत, धरून काय उपयोग." तुझीच नात आहे, याबद्दल शंका राहिली नाही.

आता त्या नव्या गार्डाचं, ज्याने वाघिणीला नर ठरवलं होतं. त्याला साहेबांनी काय म्हटलं ते मी तुला कधी सांगितलं नव्हतं. साहेब म्हणाले होते, भुसभुशीत धुळीतला धावता ठसा कधी घेऊ नये, पाय असतो त्याहून मोठा दिसतो. मी मागे बाटली धरून उभा होतो. सगळ्यात मोठ्याने मीच हसलो होतो. ते मला चाळीस वर्षं आठवत होतं, फक्त ज्या दिवशी लागलं त्या दिवशी आठवलं नाही. नातीचा पाय मोठा दिसला तर मला आनंद झाला, आणि मी थांबलो नाही.

आठ तारखेचं तुला फोनवर कळलंच. बारा मिनिटं आणि वीस सेकंद, पापडात. तू घमेंडीने दुकानभर फिरला असशील. फीर.

बारा तारखेचं सांगतो. चालायच्या रस्त्यावर घरच्यांना सोडत नाहीत, फाटकाशी थांबवतात. साडेतीन तासांनी पोरी यायला लागल्या. तीन तास चाळीस मिनिटांनी प्रियंका आली, लंगडत नव्हती, नुसती धुळीने माखलेली. शेजारी एक अनोळखी पोरगी, तीही आली. दोघी पास. फाटकाशी मी रडलो नाही, धूळ फार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो रस्ता पाहायला गेलो. सवय आहे, जात नाही. सत्तर पोरींचे ठसे. आपल्या पोरीचा रोजचा बूट, पाच नंबर, सहाव्या किलोमीटरपासून ओळखू यायला लागला, एकसारखा, न फरपटता. तुझं कौतुक करत नाही, पण बूट चांगला आहे. बाराव्या किलोमीटरच्या दगडाजवळ ती थांबली होती. बसल्याची खूण होती. आणि तिथून पुढे तिच्या शेजारी दुसरा ठसा सुरू झाला. बारका, पाच नंबर, नक्षी नाही. तुझा पापड.

माझं डोकं पुन्हा सुरू झालं. तुला खरं सांगतो, क्षणभर वाटलं, पोरीने बूट बदलले, हलके घालून चालली, पोटऱ्या घालवल्या. मग खाली वाकलो. रोजचा ठसा बंद झालेला नव्हता. दोन्ही बरोबर चालले होते, अगदी फाटकापर्यंत. आणि या खेपेला त्या हलक्या बुटाच्या टाचा टेकलेल्या होत्या, पहिल्यांदाच, दमलेल्या माणसाच्या टेकतात तशा.

रस्त्याच्या कडेला एक सँडल सापडली, तळ सुटून लोंबत असलेली.

मी ते सगळं डोक्यात जुळवलं. पण यावेळी कोणाला पत्र लिहिलं नाही, की तुळसाला सांगून पदर तोंडात धरायला लावला नाही. घरी आलो. प्रियंका अंगणात पाय धुवत होती. पाच नंबरचा पाय, नख अजून काळं. मी शेजारी बसलो आणि विचारलं.

ती म्हणाली, राळेगावकडची ममता म्हणून होती. घरी बूट नव्हते, बहिणीच्या सँडल घालून आली होती, बाराव्या किलोमीटरवर तळ गेला. हिने रेसचे बूट कमरेला बांधून नेले होते, रोजच्यांनी दगा दिला तर असावेत म्हणून. ते दिले. चालायला ते वाईट असतात हे माहीत होतं, पण सँडलपेक्षा बरे. मग ममता मागे पडू नये म्हणून ही तिच्या चालीने चालली, नाहीतर आणखी वीस मिनिटं आधी आली असती.

मी विचारलं, "आणि तिच्यापायी तूच वेळेत पोचली नसतीस तर?"

"आबा," ती म्हणाली, "तुम्ही वीस मिनिटं विचारून राह्यले. मले वाटलं तुम्ही बूट परत आणला काय ते विचारान."

आणला नाही. ममता घेऊन गेली, घालूनच. ती परत करील. पत्ता घेतला आहे.

पुढच्या मंगळवारी मी यवतमाळला येतो. प्रियंका म्हणते, आबांनाही आता बूट पाहिजेत, तिच्या बरोबर पहाटे पांदणीत चालायचं आहे. प्लास्टर घेतलेलं नाही. दोन्ही पाय सोबत घेऊन येतो. कोणता बूट पाहिजे ते तू मला सांगू नको. आधी विचार.

तुझा
उकंडा

तो काउंटरवरचा पाय फेकू नको. पावत्या ठेवायला बरा आहे.